पिशवीचं बूड

प्रिय ठकू,

तुझं पत्र केव्हाच पोचलं. पोस्टमन गल्लीच्या तोंडापासूनच ओरडत आला, आजी, नातीचं पत्र, चांगलं जाड आहे. त्यामुळे मला पत्र आल्याचं माझ्याआधी शेजाऱ्यांना कळलं. कळू दे, मला काय त्याचं. मी ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं, कारण मला वाटलं की चष्म्यावरच काहीतरी आहे. नव्हतं. तू खरंच तसं लिहिलं होतंस, की आमच्या पाटीवरच्या त्या कल-द-सॅक शब्दाचा अर्थ पिशवीचं बूड. आणि पुढे, आजी, खरं तर ढुंगणच, पण तुला बूड म्हणते. अगं, किती हसले म्हणून सांगू. पण एकटीनं हसलं की हसू लवकर आटपतं, म्हणून शेजारणीला सांगायला गेले, तर ती दुपारची झोपलेली. परत आले आणि उरलेलं आपलं आपणच हसून घेतलं.

म्हणजे आमच्या गल्लीतल्या साहेबांनी, एवढे कोट घालून हिंडणारे ते, गल्लीच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत पिशवीचं ढुंगण लिहून ठेवलं होतं. आणि सकाळी फिरायला जाताना रोज त्या पाटीवरची धूळ रुमालानं पुसायचे.

लिहिते आहे ती सावकाश लिहिते आहे. चौथीपर्यंतची शाळा माझी, वेलांटी इकडची तिकडे गेली तर तू सरळ करून वाच. तुला पाटीचं पुढे काय झालं ते सांगायचंय. ते सरळ सांगता आलं तर बरं, पण मला मेलीला सरळ काही सांगता आलंय का कधी. तुझे आजोबा म्हणायचे, हिला दुकान कुठे आहे विचारलं तर आधी दुकानदाराच्या बहिणीचं लग्न ऐकावं लागतं. तर थोडक्यात असं, की ती पाटी उतरवून तिथे साधी पाटी लावायची असं साहेबांच्या मनात आलं, आणि मला ती उतरू द्यायची नव्हती. उतरली तर माझ्याकडे कोणी चुकून यायचं नाही. एवढीशीच गोष्ट, पण माझे दिवस त्या एवढ्याशावर चालले होते.

तू लहान असताना आलीस तेव्हाची गल्ली आठवते ना. आठ घरं इकडे, आठ तिकडे, आणि टोकाला ती भिंत. भिंतीला लागून उजव्या हाताला मी. भिंतीच्या पलीकडे मोठा रस्ता, आणि भिंत अशी नेमकी बुटकी की बसगाड्यांची टपं तिच्यावरून सरकताना दिसतात. त्यामुळे नव्या माणसाला वाटतं की ही गल्ली पलीकडे निघते. तो भरधाव येतो, आणि भिंतीशी येऊन ज्याचं त्याला कळतं. वळायला जागा नाही. डाव्या बाजूला उघडं गटार, उजवीकडे माझी पायरी. जायचं तर आल्या पावली, उलटं.

आणि उलटी गाडी काढून देणं हे माझं काम. ते तुझ्या आजोबांनी शिकवलं. ते मालाची मोठी गाडी चालवायचे आणि रोज संध्याकाळी ती गल्लीत उलटीच आत घ्यायचे, म्हणजे सकाळी नाक बाहेरच्या बाजूला. मी शिवणयंत्रावरून उठायची, हातातली पिशवी तशीच सुईखाली ठेवायची आणि गाडीच्या मागे जाऊन उभी राहायची. येऊ द्या, येऊ द्या, थोडं माझ्याकडे, येऊ द्या. बास म्हणायच्या ऐवजी गाडीच्या मागच्या फळीवर तळहातानं दणका द्यायची. आरसा दोन्हीकडे होता, पण ते आरशात बघायचेच नाहीत. म्हणायचे, आरसा काय, समोर येईल ते दाखवतो, ही न दिसणारंसुद्धा सांगते. भांडण झालेलं असलं तरी हे चुकलं नाही. बोलणं बंद असायचं, पण येऊ द्या चालू.

ते गेल्यावर ती गाडी मालकानं नेली. मी मागे उभी राहिले, सवयीनं. पण ती सरळच निघून गेली, तिला माझी गरज पडली नाही.

पिशव्यांचं मी तेव्हाच सोडलं. तुला म्हणून सांगते, तुझ्या त्या शब्दाचा अर्थ वाचला तेव्हा हसून झाल्यावर मला पहिल्यांदा पिशवीच आठवली. धान्यवाल्याच्या पिशव्या शिवायची ना मी. बाजूची शिवण एकदा मारली तरी चालते, बुडाला मात्र दोनदा मारायची, आणि कोपरे काडीनं बाहेर काढायचे. कारण सगळा भार जाऊन बसतो तो तिथेच. आणि पिशवी रिकामी झाली म्हणून झटकली तरी बुडाच्या कोपऱ्यात चार दाणे राहतातच. ते कुणी मोजत नाही. आता तू म्हणशील आजी रडकं बोलायला लागली. नाही गं, मी मजेत आहे. पुढे ऐक.

तर साहेब. ते जकातीच्या कचेरीतून निवृत्त झाले आणि परदेशात मुलीकडे राहून आले. तिथे तिच्या गल्लीच्या तोंडावर ही असली पाटी. त्यांना ती फार आवडली. म्हणाले, किती भारदस्त वाटतं, आपल्यासारखं रस्ता बंद नाही, जसं काही कुणी आत मेलंय. त्यांनी पेंटरला शब्द लिहून दिला. पेंटर बिचारा तीनदा विचारायला आला, साहेब, हे नक्की कुणाचं नाव. त्याला वाटलं बंगल्याचं आहे. साहेबांना चार माणसांत उत्तर देता येईना, ते म्हणाले, तू तुझं काम कर. त्यानं काम केलं, आणि शोभा म्हणून खाली एक गुलाबाचं फूल काढलं, पानासकट. साहेब चिडले, पण रंग वाळला होता.

त्या पाटीनं जी गंमत केली ती मी तुला फोनवर सांगितली होती, पण तेव्हा तुझा वर्ग सुरू व्हायचा होता, म्हणून अर्धीच. पाटी लागली माणसांना थांबवायला, आणि झालं भलतंच. कुणाला तो शब्द वाचता येईना, ज्यांना वाचता येई त्यांना कळेना, आणि खाली फूल. एकाला वाटलं हॉटेल आहे. दोन पोरी आल्या त्यांना वाटलं केस कापायचं दुकान आहे, आणि मी दारात बसलेली बघून म्हणाल्या, इथे नंबर लावावा लागतो का. पूर्वी आठवड्याला एखादी गाडी चुकायची, आता दिवसाआड कोणीतरी. एक माणूस गादी टपावर बांधून आला होता, बायको आत तोंड फुगवून. त्यांना उलटं काढेपर्यंत मी त्यांचं भांडण मिटवलं, कारण गादी मऊ हवी की कडक यावरनं ते होतं आणि मला दोन्हींचा अनुभव आहे. एकदा गाडी शिकवणाऱ्या शाळेची गाडी आली. शिकणारी बाई पन्नाशीची, नवऱ्याला न सांगता शिकत होती. भिंत बघून रडायलाच लागली. मी तिला पाणी दिलं, शिकवणाऱ्याला सांगितलं तू खाली उतर, आणि तिला एकटीला गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं. जाताना तिनं मला हॉर्न वाजवून दाखवला, उगाचच, आनंदानं.

एक मी बघून ठेवलंय, उलटं जाताना माणूस फार गरीब होतो. सरळ जाताना कुणी कुणाला विचारत नाही. पण मागे दिसेनासं झालं की साहेबलोकसुद्धा म्हणतात, आजी, बघा हं, तुमच्यावर आहे सगळं. तेवढ्यात मी विचारून घेते, कुठून आलात, कुणाकडे निघालात, घरी कोण असतं. सांगतात गं. काच खाली करून, मान वळवून, सगळं सांगतात. आणि तोंडाशी पोचले की हात करतात आणि जातात. त्यांचं पुढे काय झालं, ते मला कधीच कळत नाही. संध्याकाळी मी ते माझं मीच ठरवते. गादी कडकच घेतली असणार.

तुझ्या बाबाला मी हे सांगत नाही. तो महिन्यातनं एकदा येतो, औषधं देतो. त्याची नवी गाडी लांबलचक आहे, म्हणतो आई, तुझ्या गल्लीत वळत नाही. मग मीच तोंडापर्यंत चालत जाते. तो गाडीतच असतो, इंजिन चालू. काचेतून पिशवी देतो, गुडघा कसा आहे विचारतो, आणि गुडघा कसा आहे ते सांगून होईपर्यंत मागची गाडी हॉर्न द्यायला लागते. चांगला आहे तो. औषध कधी चुकवलं नाही त्यानं. मी एकदा म्हटलं, अरे, मी काढून देईन ना तुला उलटं, तुझ्या बापाची त्याहून मोठी होती. तो हसला. म्हणाला, आई, आता गाडीलाच मागे कॅमेरा असतो. मग गाडी आत का आणत नाहीस, असं मी विचारलं नाही. कशाला.

असो. तर साहेबांच्या लक्षात आलं की पाटीमुळे गाड्या वाढल्या. त्यांच्या कुंडीला एका गाडीनं धक्का दिला तेव्हा जास्तच लक्षात आलं. ते म्हणाले, पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी बैठक घेऊ, ही उतरवू. म्हणून तर मी तुला ती अक्षरं चित्रासारखी काढून पाठवली होती आणि त्या शब्दाची सगळी कुंडली विचारली होती. मला बैठकीत बोलायला काहीतरी हवं होतं.

आणि तू काय सुरेख पाठवलंस. तुझ्या त्या ओळी मला पाठ आहेत. शब्द मूळचा फ्रेंचांचा, इंग्रजांनी उचलला. फ्रेंच लोक त्यातलं ल बोलत नाहीत, इंग्रज बोलतात. आणि गंमत म्हणजे फ्रेंचांच्या गल्लीवर आता बहुतेक दुसराच शब्द असतो, हा त्यांना जरा उघडावाघडा वाटतो. म्हणजे शेजारणीनं पातेलं नेलं, ते तिच्याकडे दिवाणखान्यात जाऊन बसलं, आणि ज्याचं त्यानं स्वतःसाठी दुसरं आणलं. तू हेही लिहिलंस की इंग्रजीत हा शब्द लागला की घराची किंमत चढते, शांत वस्ती, मुलं रस्त्यावर खेळू शकतात असं दलाल सांगतात. आणि त्याच शब्दानं पुढे वाट नसलेली नोकरीसुद्धा सांगतात, कुठेच न पोचणारं बोलणंसुद्धा. एकाच शब्दाला एवढी कामं, बाई.

मी त्यातलं दलालाचं तेवढं उचललं. पहिल्या घरातल्या बाईंना घर विकायचंय. त्यांना जाऊन म्हटलं, तुमच्या पत्त्यावर परदेशी शब्द आहे तो घालवू नका, माझी नात भाषा शिकवते, तिनं लेखी कळवलंय. बाईंनी पुढच्यांना सांगितलं. ढुंगणाचं मी कुणाला सांगितलं नाही, फक्त शेजारणीला, ती उठल्यावर. बैठकीआधीच्या शुक्रवारपर्यंत अर्ध्याहून जास्त गल्ली माझ्या बाजूनं होती. साहेबसुद्धा ढिले पडले. मला म्हणाले, आजी, तुमचा एवढा जीव असेल तर राहू दे, कुंडी मी आत घेतो. मी इतकी खूश होते ठकू, त्या दिवशी मी पायरी दोनदा धुतली.

शनिवारी दुपारी एक गाडी आली. ती येण्याच्या आवाजावरनंच मला कळलं की ही चुकलेली आहे, पण नेहमीसारखी नाही. भिंतीशी करकचून थांबली. चालवणारा अगदी तरुण, घामानं चिंब. मागे एक मुलगी, दिवस भरलेली, आणि तिच्याशेजारी एक बाई, आई की सासू ते कळलं नाही. तो पोरगा उतरून मला म्हणतो, आजी, दवाखान्याचं दार कुठलं. मी म्हटलं, दवाखाना कसला बाबा. तर तो म्हणतो, तोंडावर पाटी आहे ना, फूल काढलेलं, प्रसूतीचा दवाखाना.

दवाखाना पलीकडच्या मोठ्या रस्त्यावर. भिंत नसती तर हाकेवर.

त्याला गाडी मागे घेता येईना. एक चाक गटाराच्या काठावर गेलं. मी खिडकीशी जाऊन त्याला म्हटलं, इकडे बघ. आता तू कुठेच बघू नकोस, माझा आवाज ऐक फक्त. मग मी मागे गेले. येऊ दे, येऊ दे, माझ्याकडे, येऊ दे. तेवढ्यात ती आतली बाई काच खाली करून म्हणते, अहो, येऊ दे येऊ दे काय म्हणताय, पोरगी ऐकतेय ना. त्या दुखण्यात ती मुलगी हसली. मागच्या काचेला डोकं टेकून ती माझ्याकडे तोंड करून बसली होती, आणि मी तिच्याकडे तोंड करून मागे मागे चाललेली. अख्खी गल्लीभर आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो. तिचे डोळे घाबरलेले होते गं. मी हसत राहिले, तेच करता येण्यासारखं होतं. गुडघा दुखतोय हे मला घरी आल्यावर कळलं. तोंडाशी पोचल्यावर मी दणका दिला, त्याला डावीकडचा रस्ता दाखवला, आणि गाडी गेली. हात करायला त्यांना कुठली उसंत.

मी पाटीखाली उभी राहिले. पहिल्यांदाच ती नीट, बाहेरच्या माणसाच्या नजरेनं बघितली. फूल छानच काढलंय पेंटरनं.

त्या मुलीचं काय झालं, मला ठाऊक नाही. एरवी मी संध्याकाळी ठरवते ना, तसं ठरवायला बसले. मुलगी झाली म्हटलं, मग मुलगा झाला म्हटलं. पण ते खरं वाटेना. मी चहा केला आणि तो तसाच थंड झाला.

रविवारी साहेबांच्या ओसरीवर बैठक. साहेब हसत म्हणाले, आजी जिंकल्या, पाटी राहते. मी म्हटलं, उतरवा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पहिल्या घरातल्या बाई तर म्हणाल्या, अहो मावशी, परवा तर तुम्ही मला किंमत सांगत होतात. मी म्हटलं, परवाची मी परवा, आजची मी आज, उतरवा आणि रस्ता बंद असं लिहा, लांबून वाचता येईल असं, लहान पोराला कळेल असं. मग त्या गाडीचं सांगितलं. कुणी म्हणालं, एखाद्याच वेळचं असतं हे. मी म्हटलं, त्या पोरीला विचारा एखाद्याच वेळचं म्हणजे काय. साहेबांनी मान खाली घातली. ती एवढी पुसलेली पाटी, त्यांनाही जड गेलं असणार. पाटीचा अर्थ मी त्यांना तेव्हाही सांगितला नाही. माणसाचा किती अपमान करायचा.

नवी पाटी लागून आता बरेच दिवस झाले. पांढऱ्यावर लाल. पेंटर म्हणाला, आजी, कोपऱ्यात बारीकसं फूल? मी म्हटलं, खबरदार. पाटी कामाची आहे, मान्य करायला हवं. गाड्या तोंडाशी येतात, वाचतात, नुसतं नाक दाखवतात आणि वळून जातात. मी पायरीवर बसून बघते. एकजण थांबला तेव्हा मी उठलेसुद्धा, पण तो फोनवर बोलायला थांबला होता.

तर ठकू, आता मुद्द्याचं. तू मोठी झाल्यापासून मी तुला कधी ये असं म्हटलं नाही, हे तुझ्या लक्षात आलंय का मला माहीत नाही. आजोबा गेले तेव्हा आलीस त्यानंतर तू आली नाहीस, आणि मी दर वेळी फोनवर म्हणते, तुझं काम बघ, मी मजेत आहे, माझ्याकडे माणसांची रीघ असते. रीघ होती, ते खोटं नव्हतं. पण ती चुकलेल्यांची होती, आणि त्यांना बोलवावं लागत नाही. बोलावलं की माणसाला नाही म्हणावं लागतं, आणि मला तुझ्या तोंडून नाही ऐकायचं नव्हतं, म्हणून मी कधी विचारलंच नाही. आता मी माझ्या हातानं त्यांची वाट बंद करून बसले आहे. आता या गल्लीत चुकून कोणी येणार नाही, जो येईल तो ठरवूनच येईल. म्हणून शब्दाबद्दल आभार मानायचं निमित्त करून, एवढी पानं भरून, शेवटी हे लिहिते आहे. तू ये. जमणार नसेल तर नाही असं लिही, मी वाचीन, उभ्यानं वाचीन आणि मग बसेन. पण विचारायचं राहिलं होतं, ते विचारलं.

तुझीच,
विचारायला एवढा उशीर लावणारी
आजी